साखळीआधी वही

शाळेतून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत भेटायला येतो, कॉलेजातल्या गोष्टी सांगता सांगता म्हणतो, "सर, आम्ही ब्लॉकचेनचा क्लब काढतोय." आपण कौतुकाने मान डोलावतो आणि मनाशी म्हणतो, हे काय प्रकरण आहे ते एकदा नीट वाचले पाहिजे. कर्जत-खालापूर भागातल्या शिक्षकांवर असा प्रसंग येण्याचा संभव आता पुष्कळ आहे. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खालापूर तालुक्यात कुंभिवलीला विश्वनिकेतन आणि रसायनीला पिल्लई एचओसी आहे. कर्जत तालुक्यात खासगी विद्यापीठेही उभी राहिली आहेत. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीला ब्लॉकचेन हा ऐच्छिक विषय आला. आणि विषय आला की मागोमाग त्याचे मंडळ येतेच.

पुढील लेखन म्हणजे अशी मंडळे उभारण्याच्या रूढ पद्धतीवरची टीका आहे. ती कोणा एका महाविद्यालयावर नाही. ही पद्धत अमेरिकेपासून खोपोलीपर्यंत एकाच साच्यातून आलेली आहे. आधी नाव आणि बोधचिन्ह ठरते. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, तंत्रप्रमुख, प्रसिद्धीप्रमुख अशी पदे वाटली जातात. एखाद्या कंपनीकडून टी-शर्टांचे आणि चोवीस तासांच्या स्पर्धेच्या जेवणाचे पैसे मिळवले जातात. बाहेरचा वक्ता येतो, 'भविष्य' हा शब्द पाच-पंचवीस वेळा उच्चारतो आणि निघून जातो. वर्षअखेर मंडळाचा अहवाल निघतो, त्यात कार्यक्रमांची संख्या असते. मात्र ब्लॉकचेन ही मुळात हिशोबाची वही आहे, आणि या साऱ्या धावपळीत वही लिहायला कोणी बसत नाही.

ही वही काय आहे ते आधी पाहू, कारण टीका समजायची तर वस्तू समजली पाहिजे. कागद, पेन्सिल आणि भागाकार एवढ्यावर आठवीच्या वर्गातही तिचा नमुना करता येतो.

समजा, सहलीची वर्गणी लिहायची आहे. पहिल्या ओळीत २५ रुपये, दुसरीत ४०, तिसरीत १५. प्रत्येक ओळीपुढे एक 'ठसा' लिहायचा. (संगणकशास्त्रात याला हॅश म्हणतात.) आपल्या नमुन्यात ठसा काढण्याची रीत अशी ठेवू: मागच्या ओळीचा ठसा आणि या ओळीची रक्कम यांची बेरीज करा, तिचा वर्ग करा, ९७ ने भागा, जी बाकी उरेल तो ठसा. सुरुवातीचा ठसा ११ धरा. पहिली ओळ: ११ + २५ = ३६, वर्ग १२९६, बाकी ३५. दुसरी: ३५ + ४० = ७५, वर्ग ५६२५, बाकी ९६. तिसरी: ९६ + १५ = १११, वर्ग १२३२१, बाकी २. प्रत्येक ठशात मागच्या सगळ्या ओळी मुरलेल्या आहेत. मधली एखादी रक्कम कोणी खोडून बदलली, तर तिच्यापुढचे ठसे जुळेनासे व्हावेत, अशी ही योजना. वहीच्या प्रती वर्गातल्या दहा मुलांकडे असल्या, तर लबाडाला दहाही वह्या बदलाव्या लागतील. ब्लॉकचेनचे मर्म एवढेच आहे. बाकीचा पसारा नवी ओळ कोणी लिहायची हे भांडण न होता ठरावे म्हणून.

आता गंमत पाहा. पहिल्या ओळीतले २५ खोडून ३५ करा आणि ठसे पुन्हा काढा. ११ + ३५ = ४६, वर्ग २११६, बाकी ७९. ठसा बदलला, चोर सापडणार असे वाटते. दुसरी ओळ: ७९ + ४० = ११९, वर्ग १४१६१, बाकी ९६. म्हणजे पहिल्याच वहीतला ९६! तिसरा ठसाही अर्थातच पूर्वीचाच, २. दहा रुपयांची अफरातफर झाली आणि एका ओळीनंतर साखळीने ती गिळून टाकली. असे का व्हावे? ७५ आणि ११९ यांची बेरीज १९४, म्हणजे ९७ ची दुप्पट. अशा दोन संख्यांच्या वर्गांना ९७ ने भागले तर बाकी एकच येते. वरच्या वर्गातल्या मुलांना हे बीजगणिताने सिद्ध करायला सांगावे. आपली ठसा काढण्याची रीतच कच्ची होती, एवढे मात्र आठवीतल्या मुलालाही कळते. बिटकॉइनमध्ये जी रीत वापरतात तिचा ठसा २५६ द्विमान अंकांचा असतो. शक्य ठशांची संख्या दशमान पद्धतीत ७८ अंकी भरते, आणि दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एक यावा अशी जोडी आजवर कोणाला सापडलेली नाही. 'साखळी बदलता येत नाही' हे वाक्य मंडळांच्या भिंतीपत्रकांवर ठळक छापलेले असते. ते साखळीच्या बाबतीत खरे नसून ठसा काढण्याच्या रीतीच्या बाबतीत, आणि तेही 'आजवर' या शब्दासह खरे आहे. ज्या मंडळात निदान एकदा अशी कच्ची साखळी हाताने करून ती मोडून पाहिलेली नाही, त्याने पुढच्या कार्यक्रमाची घाई करू नये असे माझे मत आहे.

बोस्टनची शंभर डॉलरची गोष्ट

विद्यार्थी मंडळांच्या या साच्याचे एक गाजलेले मूळ अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, आहे. तिथल्या बिटकॉइन क्लबच्या जेरेमी रुबिन आणि डॅन एलिट्झर या दोघा विद्यार्थ्यांनी २०१४ साली सुमारे ५ लाख डॉलर जमवले आणि पदवीच्या सर्व ४,४९४ विद्यार्थ्यांना प्रत्येकी १०० डॉलरचे बिटकॉइन देऊ केले. ३,१०८ विद्यार्थ्यांनी ते घेतले. नवे चलन सगळ्यांच्या हाती एकदम आले तर त्याभोवती व्यवहार, दुकाने, नवी उपकरणे आपोआप उगवतील, असा हेतू होता. तसे फारसे घडले नाही. दहातल्या साधारण एकाने पहिल्या दोन आठवड्यांतच ते डॉलरमध्ये बदलून घेतले. पुष्कळांनी तसेच पडू दिले.

हा प्रसंग आपल्याकडच्या मंडळांत यशोगाथा म्हणून सांगितला जातो. नशिबाने ज्यांनी ते जपून ठेवले त्यांच्याजवळ पुढे मोठी रक्कम झाली, म्हणून. पण त्याची खरी किंमत वेगळीच आहे. तिथल्या संशोधकांनी या वाटपाचा रीतसर प्रयोग करून घेतला. उत्साहाने आधी नावे नोंदवणाऱ्यांपैकी काहींना मुद्दाम थोडे उशिरा पैसे दिले. क्रिस्टियन कॅटालिनी आणि कॅथरिन टकर यांचा त्यावरचा निबंध २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला: जे मुळात सर्वांत पुढे असायचे त्यांनाच इतरांच्या मागे राहावे लागले, तर ते ती वस्तू टाकून देण्याकडे अधिक झुकतात, आणि त्यांचे पाहून शेजारचेही. दुसरा प्रयोग तर आणखी बोलका आहे. काही विद्यार्थ्यांना सांगण्यात आले, की मित्रांचे ई-मेल पत्ते द्या, एक पिझ्झा फुकट मिळेल. एरवी खासगीपणाविषयी दक्ष असल्याचे सांगणाऱ्या मुलांनीही पिझ्झासाठी मित्रांचे पत्ते देऊन टाकले. आणि हे कुठे, तर मधल्या माणसावर विश्वास ठेवायला लागू नये म्हणून जन्मलेल्या तंत्राच्या प्रचारमोहिमेत!

एमआयटीच्या मंडळाकडून उचलण्यासारखे काही असेल तर ते हे मोजमाप. आपल्याकडे उचलले गेले ते वाटप. स्पर्धेत भाग घ्या, नाण्याचे दोन-चार तुकडे मिळवा. मोबाइलवर खाते उघडा, टी-शर्ट मिळवा. खाते उघडणाऱ्या दोनशे मुलांपैकी सहा महिन्यांनी कितीजण ठसा म्हणजे काय हे सांगू शकतात, हे विचारणारा अहवाल माझ्या पाहण्यात आलेला नाही. शिवाय भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. बक्षीस देताना अठरा वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगते का?

मूळ निबंध न वाचता या विषयाचे मंडळ चालते, याचे मला नवल वाटते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसृत झालेला तो निबंध नऊ पानांचा आहे. त्यात 'ब्लॉकचेन' हा शब्दसुद्धा नाही. शेवटी संदर्भ आठ, आणि त्यांतले तीन स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांच्या कामाचे. या दोघांचा पहिला निबंध १९९१ चा. त्यांना पैशाची नव्हे तर तारखेची चिंता होती. संगणकावरचा कागद मागची तारीख घालून सहज बदलता येतो, मग वैज्ञानिकाच्या प्रयोगवहीवर विश्वास कसा ठेवायचा? त्यांनी ठशांची साखळी सुचवली. १९९५ पासून त्यांच्या कंपनीने आठवड्याचा एकत्रित ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. लाखो घरांत पोचलेले वर्तमानपत्र कोण मागे जाऊन बदलणार?

विज्ञानशिक्षकाला हे वाचून हसू येईल, कारण मागची तारीख घातलेल्या प्रयोगवह्या त्याच्याइतक्या कोणी पाहिलेल्या नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी जर्नल पुरी होतात आणि त्यांत जूनपासूनच्या तारखा असतात. ब्लॉकचेनचा जन्म या दुखण्यातून झाला, लॉटरीतून नव्हे. नऊ पानी निबंधावरही माझा एक आक्षेप आहे: तो सुरुवातच पैशाच्या देवघेवीपासून करतो, त्यामुळे पुढच्या पिढीला ही वही म्हणजे नाणेच वाटू लागले. विजेचा खर्चही त्यातूनच वाढला. नवी ओळ लिहिण्याचा हक्क मिळवण्यासाठी जगभरची यंत्रे निरर्थक आकडेमोडीची शर्यत लावतात. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजांनुसार अलीकडच्या वर्षांत बिटकॉइनची वार्षिक वीज १०० टेरावॅट-तासांहून, म्हणजे १०,००० कोटी युनिटांहून अधिक आहे. आपल्या खोपोलीचे टाटांचे जलविद्युतगृह ७२ मेगावॉटचे. ते वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालले असे धरले, तरी ६३ कोटी युनिटे होतील. म्हणजे बिटकॉइनला अशी दीडशेहून अधिक खोपोली लागतील. अर्थात प्रत्येक साखळी अशी नसते. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या साखळीने सप्टेंबर २०२२ मध्ये ही शर्यत सोडून दिली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

सातबारा आणि साखळी

आपल्या भागात मंडळाने कोणत्या प्रश्नावर काम करावे, असे विचारले की बहुतेक मुले एकच उत्तर देतात: सातबारा ब्लॉकचेनवर आणावा. कर्जत आणि खालापूरला हे सुचणे साहजिक आहे. द्रुतगती मार्ग, फार्महाऊसचे प्लॉट, मुंबईकरांची खरेदी यांनी इथल्या प्रत्येक गावात जमिनीची एखादी तरी कज्जेदलाली पाहिलेली आहे. कल्पना वाईट नाही. पण तिच्यावर काम करणाऱ्यांपैकी किती जणांनी तलाठी कार्यालयात (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जाऊन फेरफाराची नोंदवही पाहिली आहे?

पाहिली असती तर एक गोष्ट ध्यानात आली असती. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, ही स्वतःच एक साखळी आहे. प्रत्येक बदलाला अनुक्रमांक मिळतो, जुनी नोंद पुसली जात नाही, नवी तिच्यापुढे येते. आणि सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी तो फेरफार क्रमांक लिहिलेला असतो, म्हणून कोणते नाव कशामुळे आले हे मागे मागे शोधत जाता येते. नोंद झाली की लगेच पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतींना मुदत असते, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. आणि एवढे होऊनही, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते, की ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानायची. 'उलट सिद्ध होईपर्यंत' हे शब्द मला फार शहाणपणाचे वाटतात. संगणकवाल्या मुलांना ते दोष वाटतात.

राज्यात सातबारा संगणकावर चढवताना हस्तलिखित नोंदी उतरवण्यात चुका झाल्या. २०१७ साली सरकारने गावोगाव चावडी वाचन घेतले. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याचे चुकले असेल त्याने उठून सांगायचे. अनेकांनी एकाच वहीवर एकमत करण्याची ही रीत कोणत्याही संगणकीय रीतीपेक्षा जुनी आणि, माझ्या मते, जमिनीच्या बाबतीत जास्त उपयोगी आहे. चुका उतरलेल्या त्याच नोंदी दुरुस्तीआधी एखाद्या अपरिवर्तनीय साखळीत गेल्या असत्या तर काय झाले असते? चूक अमर झाली असती. पुढे दुरुस्तीची ओळ घालता आली असती हे खरे. पण ती घालण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न पुन्हा तहसील कचेरीतच येऊन थांबतो.

२०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. मजकूर बदलला तर स्वाक्षरी जुळत नाही, म्हणजे खोडाखोड पकडण्याचे काम साखळीवाचूनही होते. मग साखळी जास्तीचे काय देते? स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्यानेच मागची तारीख घालून नवा कागद केला, तर तो पकडता येतो. हेबर-स्टॉर्नेटांचा मूळ प्रश्न नेमका हाच. 'आमची साखळी सरकारी बाबूला हटवेल' या घोषणेपेक्षा 'आमची साखळी अधिकाऱ्याची मागची तारीख पकडेल' हे वाक्य कितीतरी लहान आहे, पण खरे आहे.

दाखल्यांच्या बाबतीतही हाच भेद करावा लागतो. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन साखळीवर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला; पॉलिगॉनची सुरुवातही २०१७ साली मुंबईत 'मॅटिक' या नावाने झालेली. त्याआधी २८ डिसेंबर २०२१ रोजी कानपूरच्या आयआयटीने पदवीदान समारंभात साखळीवर नोंदवलेल्या पदव्या दिल्या. पदवीच्या बाबतीत ही योजना चांगली बसते, कारण पदवी देणारी संस्था आणि पदवीचे सत्य जाणणारी संस्था एकच आहे. जातीच्या दाखल्याचे तसे नाही. खोटा दाखला दोन प्रकारचा असतो: एक, कागदच बनावट, दुसरा, कागद अस्सल पण त्यामागचा पुरावा बनावट. साखळी पहिल्याला अडवते. दुसऱ्याला ती अडवत नाहीच, उलट त्याच्यावर सोन्याचा मुलामा चढवते. त्याच्यासाठी पडताळणी समिती लागते, जुने दाखले पाहणारी माणसे लागतात.

आणि तिसरीही एक जात आहे, तिच्याविषयी ही मंडळे अजिबात बोलत नाहीत: ज्यांची नोंदच नाही त्यांची. रायगड-ठाणे जिल्ह्यांतल्या कातकरी वाड्यांच्या जागेच्या प्रश्नावर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचे इंग्रजी पुस्तक २०१३ साली निघाले. खेडकर हे कर्जत तालुक्यातल्या कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे. पिढ्यानपिढ्या वसलेल्या वाड्या, पण जमीन कागदोपत्री दुसऱ्याची. गावठाण म्हणून नोंद नाही. जोवर जमिनीला भाव नव्हता तोवर हे कोणाला टोचले नाही. भाव आला आणि वाडीभोवती कुंपणे पडू लागली. ज्याचे घर वहीत नाही त्याला वही जितकी पक्की तितके संकट मोठे. अपरिवर्तनीय सातबाऱ्याची मागणी करणाऱ्या मंडळाने एक रविवार अशा वाडीत जाऊन बसावे आणि मग आपला आराखडा पुन्हा लिहावा. तो टाकूनच द्यावा लागेल असे मी म्हणत नाही. वाडीतल्या लोकांनी स्वतः केलेला घरांचा नकाशा आणि वहिवाटीचे जबाब यांचा ठसा काढून ठेवला, तर पुढे कोणी 'ही घरे परवाची' म्हणू लागल्यास त्याचा उपयोग होऊ शकेल. न्यायालय त्याला किती वजन देईल हा वेगळा विषय. पण इथे निदान साखळी दुबळ्याच्या बाजूने उभी राहते.

फसवणुकीविषयी थोडक्यात. हा विषय मंडळे टाळतात, प्रायोजक नाराज होईल म्हणून. वस्तुतः मंडळाने गावाला द्यावयाची पहिली सेवा हीच आहे. पुण्यात ज्याचे गुन्हे नोंदले गेले त्या 'गेनबिटकॉइन'चे आमिष होते दरमहा १० टक्के, १८ महिने. सरळव्याजानेच १८० टक्के, मुद्दल वेगळे; असा परतावा कोणत्या धंद्यातून यावा, हे सातवीचे गणित आहे. २०१८ साली सूत्रधाराला अटक झाली तोवर हजारोंचे पैसे गेले होते. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी 'वनकॉइन'च्या सभेवर छापा घालून अठरा जणांना पकडले. या वनकॉइनपाशी खरी साखळी नव्हतीच, असे पुढे अमेरिकेतल्या खटल्यांतून बाहेर आले. सभेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने उठून 'वही दाखवा, मला तिची प्रत माझ्या संगणकावर उतरवायची आहे' एवढे म्हटले असते तरी पुरले असते. हा प्रश्न विचारता येणारी वीस मुले तयार करणे, हे माझ्या लेखी वीस स्पर्धांपेक्षा मोठे काम आहे. अर्थात वही खरी असली म्हणून पैसा सुरक्षित असतो असेही नाही. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्सकडून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. साखळीने चोरीची नोंद अगदी बिनचूक केली.

मंडळाची स्वतःची वही

उरला प्रश्न संघटनेचा. विद्यार्थी मंडळाचे आयुष्य पदाधिकाऱ्यांच्या शिक्षणाएवढे असते. चौथ्या वर्षाची मुले नोकरीला लागली की परवलीचे शब्द, प्रायोजकांचे पत्ते आणि मंडळाचा हिशोब त्यांच्याबरोबर जातो. नाण्यांच्या रूपातला निधी एका मुलाच्या मोबाइलमधल्या किल्लीवर असला तर मोबाइल हरवताच निधी गेला. बँकेत जाऊन रडण्याचीही सोय नाही. म्हणून पैसे महाविद्यालयाच्या खात्यात दोन सह्यांनी ठेवावेत. यात मागासलेपण काही नाही; खुद्द साखळीवालेही मोठ्या रकमेसाठी अनेक किल्ल्यांची पद्धतच वापरतात.

काही मंडळे मतदान आणि निर्णयही साखळीवर चालवू पाहतात. त्यांनी २०१६ ची 'द डीएओ'ची हकिगत वाचावी. माणसांऐवजी संगणकीय नियमावलीने चालणारी ही संस्था. लोकांनी तिच्यात सुमारे १५ कोटी डॉलर घातले. १७ जूनला नियमावलीतल्या एका फटीतून कोणी ३६ लाख इथर काढून घेतले. नियम हाच कायदा म्हणायचे, तर ती चोरी नव्हतीच! महिनाभर वाद झाला आणि २० जुलैला बहुसंख्यांनी साखळीच्या नियमांत बदल करून ते पैसे परत फिरवले. ज्यांना हे मान्य नव्हते ते जुन्या साखळीवरच राहिले. ती आजही 'इथेरियम क्लासिक' नावाने आहे. अपरिवर्तनीय म्हणून गाजवलेल्या वहीचे काय करायचे हे शेवटी माणसांनी भांडून, मते आजमावून ठरवले. मंडळाला घटना हवी, सभेचे इतिवृत्त हवे आणि मतभेद झाला तर बसून बोलण्याची सवय हवी. ती संगणकातून उतरवून घेता येत नाही.

इथल्या एखाद्या मंडळाला पहिल्या वर्षासाठी काम सुचवायचे झाले तर मी पावसाची वही सुचवीन. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. कोणत्या वाडीवर किती पाऊस पडला हे इथे पुस्तकी कुतूहल राहिलेले नाही. डोंगराखालच्या पाच-सहा शाळांत साधी पर्जन्यमापके लावावीत. रोज सकाळी साडेआठला शाळेतल्या मुलांनी मिलिमीटर मोजून वहीत लिहावे, महाविद्यालयातल्या मुलांनी त्या आकड्यांचा रोजचा ठसा काढून साखळी करावी. दर सोमवारी आठवड्याचा ठसा सगळ्या शाळांच्या फलकांवर लावावा आणि जमल्यास स्थानिक साप्ताहिकात दोन ओळींची छोटी जाहिरात द्यावी. नाणे नको, प्रायोजक नको. एखाद्या दिवशी कोणी मोजायचे विसरले तर ती ओळ कोरी राहील, आणि ती मागाहून भरता येणार नाही. चुकीचे मोजले तर चूकही राहील. दुरुस्ती खाली, तारीख घालून, कोणी आणि का केली हे लिहून. ठसे काढणारा संगणकीय कार्यक्रम मात्र तयार आणू नये. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी तो स्वतः लिहावा, आणि चौथ्या वर्षाच्या मुलांनी मे महिन्यात जाण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर मागच्या पावसाळ्याची अख्खी साखळी एकदा तपासून दाखवावी. खोपोलीची लोकल चुकणार नाही अशी वेळ धरून.